आठ अंश कोण सांगणार?

ब्लॉकचेनवर व्यवहार चालवायचा म्हटलं की बोलणं लगेच चेनवर जातं: ती किती सुरक्षित, किती वेगवान, किती खर्चिक. मला वाटतं, खरा प्रश्न चेनच्या बाहेर आहे. मालाचं वजन, विमान उतरल्याची वेळ, डॉलरचा भाव, पहाटेचं तापमान, यातलं काहीच चेनवर जन्माला येत नाही. ते बाहेरून कुणीतरी आणून द्यावं लागतं. आणून देणाऱ्या या यंत्रणेला ओरॅकल म्हणतात.

खाली बोलणारे दोघे मी कल्पिलेले आहेत. मामा रावेर तालुक्यात केळी पिकवतात. भाची पुण्यात स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे चेनवर आपोआप चालणारे करार, लिहिते. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई आपोआप मिळावी, असा आराखडा तिने केला आहे. माणसं कल्पित असली तरी वाद खरा आहे. ज्याचा अख्खा हंगाम एका आकड्यावर तोलला जातो, अशा प्रत्येकाचा तो आहे.

मामा : कागद नंतर दाखव. आधी तोंडी सांग, काय करणार आहेस?

भाची : समजा, विम्याची अट अशी आहे की थंडीत सलग ३ दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली गेलं, की हेक्टरी ठरलेली रक्कम द्यायची. आज काय होतं? आकडेवारी कंपनीकडे जाते, तिथे हिशेब होतो, मग याद्या लागतात, आणि तोवर तुम्ही बँकेत आणि कृषी कार्यालयात चकरा मारता. माझ्या आराखड्यात अट आणि पैसे, दोन्ही हंगामाआधीच करारात बंद होतात. तिसऱ्या पहाटेचा आकडा आला की भरपाई सुटते. मधे कुणाची सही नाही, कुणाची मर्जी नाही. हंगाम सुरू झाल्यावर कुणाला अट बदलताही येणार नाही.

मामा : हे शेवटचं मला आवडलं. पण तिसऱ्या पहाटेचा आकडा करारात टाकणार कोण? तुझा करार स्वतःच जाऊन का बघत नाही? माझा नातू मोबाइलवर बघतो की.

भाची : कारण तो करार एका संगणकावर चालत नाही. इथेरियमसारख्या चेनवर हजारो नोड तोच करार आपापला चालवून बघतात, आणि सगळ्यांचं उत्तर तंतोतंत एक यावं लागतं. एका नोडने १० वाजता वेबसाइट उघडली तेव्हा ८.० दिसलं आणि दुसऱ्याने पाच मिनिटांनी उघडली तेव्हा दुरुस्त होऊन ८.३ दिसलं, तर दोघांचे हिशेब जुळणार नाहीत. शिवाय पाच वर्षांनी एखादा नवा नोड जोडला गेला, तर तो पहिल्या दिवसापासूनचे व्यवहार पुन्हा चालवून पडताळू शकला पाहिजे. तेव्हा ती वेबसाइटच नसली तर? म्हणून कराराला बाहेर बघायची मुभाच ठेवलेली नाही. आकडा बाहेरच्या कुणीतरी व्यवहार म्हणून चेनवर नोंदवायचा. एकदा नोंदला की सगळ्यांसाठी तोच आणि कायमचा.

मामा : म्हणजे नोंदवणारा आलाच. मर्जी गेली नाही बेटा, तिचं टेबल बदललं.

भाची : बदललं, पण ते टेबल आता चौकात आहे. कोणी, कधी, कोणता आकडा टाकला, हे तुम्हालाही दिसतं. आणि टाकायच्या रीतीही वेगवेगळ्या आहेत. हवामान केंद्राकडचा प्रोग्रॅम रोज ठरल्या वेळी आकडा आत ढकलू शकतो. किंवा करार चेनवर मागणी सोडतो, ‘मला अमक्या महसूल मंडळाचं अमक्या तारखेचं किमान तापमान हवं’, आणि बाहेर लक्ष ठेवून असलेला प्रोग्रॅम ती वाचून उत्तर घेऊन येतो. आतली गोष्ट बाहेर जातानाही अशाच दोन वाटा आहेत: चेनवरची नोंद बघून बँकेची यंत्रणा हलते, किंवा बँकच अधूनमधून येऊन नोंद वाचून जाते.

मामा : बँक का आली मधे?

भाची : कारण तुमचं खातं रुपयांचं आहे आणि रुपया या चेनवर नाही. चेन म्हणणार, ‘यांना इतके द्या’. देणार बँकच.

मामा : मग ‘भरपाई सुटते’ असं नको म्हणू. ‘भरपाईचा हुकूम सुटतो’ असं म्हण. तेवढा फरक आमच्याकडच्या प्रत्येकाला ठाऊक असतो.

भाची : मान्य. केनियात एथरिस्क आणि एकर आफ्रिका यांनी छोट्या शेतकऱ्यांसाठी असा विमा चेनवर चालवला. तिथे पैसे एम-पेसा या मोबाइल-पैशांच्या सेवेवरून थेट फोनवर जात होते, म्हणून शेवटचा टप्पा सोपा झाला. आपल्याकडे तो टप्पा बँकेशी करार करूनच बांधावा लागेल.

मामांची ही दुरुस्ती मला फार महत्त्वाची वाटते. असल्या आराखड्यांच्या चित्रात आत येणारा बाण ठळक असतो आणि बाहेर जाणारा बाण पुसट. शेतकऱ्याच्या लेखी मात्र बाहेरचा बाण पोहोचला नाही, तर आतल्या सगळ्या अचूकतेचा उपयोग शून्य.

मामा : आता आकडा टाकणाऱ्याकडे ये. त्याने खोटा टाकला तर?

भाची : म्हणून एकावर विसंबायचं नाही. चेनलिंकसारख्या जाळ्यांत अनेक ओरॅकल नोड स्वतंत्रपणे आकडा आणतात आणि त्यांतला मधला धरला जातो. दोघांनी खोटं सांगितलं तरी मधला आकडा फारसा हलत नाही. तो हवा तिथे न्यायला निम्म्याहून जास्त जण फोडावे लागतात. एकाच्या भरवशावर राहून लोकांनी हात पोळून घेतलेले आहेत. जून २०१९ मध्ये सिंथेटिक्स या व्यवस्थेत कोरियन वॉनचा भाव एका स्रोताकडून हजारपट चुकीचा आला. एका स्वयंचलित प्रोग्रॅमने ती चूक हेरून ३ कोटी ७० लाख कृत्रिम इथर खात्यात पाडले. तो माणूस तडजोडीला तयार झाला म्हणून प्रकरण निस्तरलं. नोव्हेंबर २०२० मध्ये डाय हे एका डॉलरला बांधलेलं नाणं एकाच एक्स्चेंजवर १.३० डॉलरपर्यंत चढलं. कंपाउंड या कर्ज देणाऱ्या व्यवस्थेने तो भाव धरला आणि जवळपास ९ कोटी डॉलरच्या कर्जांमागची तारणं विकली गेली.

मामा : त्या डायचा भाव इतर बाजारांत वेगळा होता?

भाची : हो, बहुतेक ठिकाणी एका डॉलरच्या आसपासच. चार-पाच बाजारांचा मधला भाव धरला असता तर हे टळलं असतं.

मामा : मग आता माझ्या मंडळात ये. भावाला दहा बाजार असतात. मंडळाला हवामान केंद्राचा खांब एकच असतो. तुझे सात नोड सात दिशांनी येतील आणि त्याच एका खांबाचा आकडा सात वेळा सांगतील. त्यातला मधला कोणता?

भाची : तोच.

मामा : आणि खांब भिंतीशेजारी असला तर? दिवसभर तापलेली भिंत रात्रभर ऊब सोडते. बागेत ७ असेल तेव्हा खांब साडेआठ सांगेल. कुणी लबाडी केली नाही, कुणी सेन्सर फोडला नाही, आणि मंडळातल्या सगळ्या गावांची भरपाई गेली.

हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडं थांबतो. महाराष्ट्रात महावेध प्रकल्पातून २०१७ पासून महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. अशी दोन हजारांहून अधिक केंद्रं दर १० मिनिटांनी तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस नोंदवतात. हे मोठं काम आहे. पण एका मंडळात अनेक गावं येतात, आणि निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा जड होऊन सखल शिवारात साचते. रावेरला उत्तरेला सातपुड्याचा पायथा आणि दक्षिणेला तापीचा काठ; या दोहोंमधल्या प्रत्येक बागेची पहाट सारखी नसते. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको, शहराचा पारा आणि निफाडजवळच्या कुंदेवाडीचा पारा दर हिवाळ्यात वेगळे छापून येतात. विमाशास्त्रात या तफावतीला बेसिस रिस्क म्हणतात. ब्लॉकचेन ती एका दशांशानेही कमी करत नाही. ती फक्त केंद्रावरचा आकडा न बदलता पुढे नेते.

भाची : आकडा सेन्सरमध्येच सही होऊन निघाला, तर वाटेत कुणी हात लावू शकत नाही. स्रोतापासून करारापर्यंत पुरावा सांभाळण्याची तंत्रं आहेत. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये टाउन क्रायर नावाची रचना मांडली होती. प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातून वेबवरचा मजकूर जसाच्या तसा करारापर्यंत न्यायचा, अशी ती रचना.

मामा : चुकीच्या जागी बसवलेलं यंत्र खऱ्या सहीनेच चुकीचं सांगेल. आणि वाटेत हात लावायची गरज कुणाला आहे? खांब उघड्यावर आहे. आमच्यातलाच एखादा रात्री जाऊन बर्फाची पिशवी बांधून येईल. आम्ही सगळे साधू नाही.

भाची : हे तुम्ही म्हणालात ते बरं झालं, कारण ते घडलेलं आहे. अमेरिकेत कोलोरॅडोचा आग्नेय भाग आणि कॅन्ससचा पश्चिम भाग इथे २०१६-१७ च्या सुमारास काही पर्जन्यमापकांच्या तारा कापलेल्या सापडल्या. काहींत सिलिकॉन भरलेलं होतं, काहींवर झाकणं ठेवलेली होती. पाऊस कमी दिसला की विमा मिळतो, एवढंच कारण. कोलोरॅडोतल्या दोन शेतकऱ्यांनी गुन्हा कबूल केला आणि प्रकरण मिटवायला सुमारे ६५ लाख डॉलर भरायचं मान्य केलं. तिथे ब्लॉकचेन नव्हती. असती, तर चुकीचा पाऊस आणखी लवकर पैशांत बदलला असता.

मामा : म्हणजे तुझं यंत्र चांगल्याला जसं पळवतं तसं वाईटालाही पळवतं.

भाची : हो. वेग दोन्हीकडे सारखाच असतो. मँगो मार्केट्स या चेनवरच्या बाजारात ऑक्टोबर २०२२ मध्ये तर ओरॅकल खोटं बोललंच नव्हतं. एकाने स्वतः खरेदी करून नाण्याचा भाव खरोखर चढवला, ओरॅकलने तो भाव इमानाने कळवला, आणि त्या फुगलेल्या तारणावर ११ कोटी डॉलरहून जास्त रक्कम उचलली गेली. म्हणून मी आता आकडा खरा आहे का एवढंच विचारत नाही. तो हलवायला किती खर्च येतो आणि हलवला तर मिळतं किती, हे आधी मांडून बघते.

मामा : मग माझ्या अटीकडे त्याच नजरेने बघ. ८.० ला पूर्ण रक्कम, ८.१ ला शून्य. एका दशांशावर लाखांचा फरक पडत असेल तर बर्फाची पिशवी कोण नाही बांधणार? आणि ८.१ ला माझी बाग वाचते असं तुला वाटतं? थंडीत झाडाची वाढ अडते. निसवायला आलेल्या झाडाचा घड खोडातच अडकतो. पारा ८ वर आहे की सव्वाआठवर, झाडाला काय कळतं?

भाची : सेन्सरलाही कळत नाही. चांगल्या सेन्सरमध्येही एक-दोन दशांशांची चूक गृहीतच धरतात. मी ही पायरी काढून उतार ठेवू शकते. १० अंशांपासून थोडी थोडी रक्कम सुरू होईल आणि ६ ला पूर्ण. मग एक दशांश हलवून फार काही मिळणार नाही आणि एका दशांशाने कुणी बुडणारही नाही. कोडमध्ये ते चार ओळींचं काम आहे.

मामा : मग सरकारी योजनेत तसं का नाही?

भाची : ते मला नका विचारू. कोणती अट लिहायची हे चेन ठरवत नाही.

मामा : बरं, दुसऱ्या दिवशी केंद्राची बॅटरी गेली तर? पहिल्या दिवशी ७, तिसऱ्या दिवशी ७, मधे काहीच नाही. ‘सलग’ तुटलं?

भाची : इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. आकडा आला नाही तर करार जुनाच आकडा ताजा समजून वापरू शकतो. म्हणून आकड्याबरोबर त्याची वेळही तपासावी लागते. अमुक तासांपेक्षा जुना असेल तर थांबायचं. पण थांबून पुढे काय करायचं, हे हंगामाआधी ठरलेलं हवं. विमा करारात पर्यायी केंद्र नेमतात, तसं दुसऱ्या केंद्राचं नाव आधीच लिहायचं. सोबत उपग्रहाचा अंदाजही घेता येईल.

मामा : पर्यायी केंद्र नदीपलीकडचं नको. आणि गैरहजर आकड्याचा फायदा कंपनीला द्यायचा नाही. केंद्र चालू ठेवणं हे माझं काम नाही.

भाची : लिहून घेते.

या विमा व्यवहारात तंत्रज्ञान कुठे शोभतं आणि कुठे नाही, याचं एक साधं उदाहरण देतो. एक्सा या फ्रेंच विमा कंपनीने सप्टेंबर २०१७ मध्ये फिझी नावाचा विमा आणला होता. विमान दोन तासांहून जास्त लेट झालं की इथेरियमवरचा करार भरपाई ठरवायचा. विमान कधी उतरलं याला विमानतळ, विमान कंपनी, रडार आणि शेकडो प्रवासी साक्षीला असतात. ओरॅकलसाठी याहून सोयीची घटना सापडणं कठीण. तरीही २०१९ मध्ये तो बंद झाला. कारण आकडा चुकण्याचं नव्हतं, पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत. शेतीत नेमकं उलटं आहे: गरज प्रचंड, साक्षीदार एक. म्हणून शेतीसाठी ओरॅकल बांधणाऱ्याने आपला पहिला रुपया कोडवर नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबावर खर्च करावा, असं मला कळकळीने वाटतं. केंद्र सरकारने २०२३ मध्ये विंड्स ही योजना आणली. तिच्यात गट पातळीवर हवामान केंद्रं आणि ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक उभे करायचं ठरलं आहे. चेन असो वा नसो, ते पूर्ण होण्यातच शेतकऱ्याचं अधिक भलं आहे.

मामा : आता माझी मुख्य हरकत ऐक. तू म्हणतेस, एकदा नोंदलं की कायमचं. मी म्हणतो, जे कायमचं असतं ते दुरुस्त कसं होणार? सातबाऱ्यावर फेरफार कसा होतो बघ. तलाठी नोंद धरतो, नोटीस लावतो, १५ दिवस हरकतीची मुदत असते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नोंद आहे, पण पक्की नाही. सगळ्यांना बघायला वेळ मिळतो. तुझ्या करारात तो वेळ कुठे आहे?

भाची : असा प्रकार आमच्याकडेही आहे, मामा. युमा नावाच्या ओरॅकलमध्ये कुणीतरी अनामत ठेवून उत्तर मांडतो. ठरलेल्या मुदतीत कुणी हरकत घेतली नाही, तर ते उत्तर खरं धरतात. हरकत आली तर मतदानाला जातं, आणि चुकीचा ठरणाऱ्याची अनामत जाते.

मामा : मतदान कोण करतं?

भाची : ज्यांच्याकडे त्या व्यवस्थेची टोकन आहेत ते.

मामा : रावेरच्या थंडीवर त्यांचं मत मला नको. हरकत चालवायला माणसं इथली हवीत. कृषी विज्ञान केंद्रातला एक, कंपनीचा एक, बागायतदारांचा एक. आणि अनामत शेतकऱ्याने भरायची नाही. ज्याच्याकडे अनामतीला पैसे नाहीत त्याची हरकतच ऐकली जाणार नाही, मग तीच जुनी गोष्ट.

भाची : अनामत नसेल तर प्रत्येक ८.४ वर हरकत येईल.

मामा : मंडळातल्या सगळ्या विमाधारकांची मिळून एकच हरकत ठेव. निम्म्यांनी अंगठा दिला तर चालेल.

भाची : अंगठा म्हणजे सही. ते जमेल. पण १५ दिवस फार होतात. थंडी लागलेल्या बागेला खत-फवारणीला पैसे लगेच लागतात. मुदत लांबवली तर आपोआप भरपाईचा मुद्दाच संपला.

मामा : मग दोन्ही चुका एकाच तराजूत नको तोलू. यंत्राने चुकून ‘हो’ म्हटलं तर कंपनीचे काही पैसे जातात. चुकून ‘नाही’ म्हटलं तर माझं वर्ष जातं. ‘हो’ आलं की अर्धी रक्कम त्याच दिवशी दे, उरलेली मुदतीनंतर. ‘नाही’ आलं की मात्र पंधराही दिवस खुलं ठेव.

भाची : आणि कंपनी म्हणेल, खोट्या ‘हो’वर दिलेली अर्धी रक्कम परत कशी मिळवायची?

मामा : म्हणेलच. त्याचा धोका हप्त्यात धरा म्हणावं. धोका धरायलाच तर ती कंपनी आहे.

भाची : उतार ठेवला, दुसरा खांब ठेवला, तर तो धोका लहान राहील. मी आकडे मांडून बघते.

मामा : आणखी एक कलम घाल. हंगामाआधी खांबाची जागा तपासायची. भिंत, झाड, डांबरी रस्ता किती लांब, सेन्सर जमिनीपासून किती उंच, शेवटचा कधी तपासला, सगळं बघायचं. १ नोव्हेंबरच्या आत.

भाची : जागा तपासणं कोडमध्ये येत नाही, मामा.

मामा : पण तपासणीचा अहवाल आल्याशिवाय करार चालूच होऊ नये, आणि हप्ताही घेऊ नये, एवढं तर येतं?

भाची : येतं. फक्त तो अहवालही बाहेरूनच येणार. म्हणजे आणखी एक ओरॅकल.

मामा : मग त्यावर कुणाकुणाच्या सह्या हव्यात, ते आता ठरवू. पहिली माझी नको, माझी बाग त्याच मंडळात आहे.